ओहोळकाकांचं दुसरं पाकीट

"श्री. शमुवेल ओहोळ यांच्याकडून, वरची डावी दाढ दुखायची आपोआप थांबली म्हणून उपकारस्तुती. रुपये एकशेवीस."

पाळकसाहेबांनी हे भर उपासनेत, माइकवरून, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता वाचलं. नगरकडचे हे तरुण पाळक पनवेलला आले त्याला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी ते अशा वेळी खोकायचे, दुसऱ्या वर्षी पाणी प्यायचे. आता त्यांना सवय झाली आहे.

ज्यांना आमची पद्धत ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्या मराठी चर्चमध्ये कुणाला देवाचे आभार मानावेसे वाटले, की तो एका पाकिटात यथाशक्ती पैसे घालतो, वर नाव आणि कारण लिहितो आणि दानाची थैली फिरली की तीत टाकतो. पाळक ती पाकिटं सगळ्यांसमोर वाचतात आणि मंडळी 'आमेन' म्हणते. कारणं साधारण ठरलेली असतात. वाढदिवस, नातू झाला, फ्लॅटचा ताबा मिळाला, मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. ओहोळकाकांच्या पाकिटावर मात्र काय निघेल याचा नेम नसतो. 'गॅस सिलिंडर बेचाळीस दिवस पुरल्याबद्दल' निघतं. 'रिक्षावाल्याने नाही म्हटल्याने चालत गेलो व तीस रुपये वाचले त्याबद्दल' निघतं, आणि आत तीन रुपये निघतात.

मी या मंडळीची खजिनदार. तेहतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली, त्यामुळे लोकांच्या पैशाकडे बघायची सवय लागली ती लागलीच. मी स्वतःला चौकस समजते. आमच्या घरी यालाच चोंबडेपणा म्हणतात. तर त्या दाढेच्या रविवारी उपासना सुटल्यावर मी काकांना आवारात गाठलं.

"काका, एकशेवीसच का?"

"दाताच्या डॉक्टरनं दाढ काढायचे बाराशे सांगितले होते, खजिनदारबाई. दाढ गप्प बसली, बाराशे वाचले. वाचले म्हणजे मिळाले. मिळाले त्याचा दहावा हिस्सा प्रभूचा."

"आणि पुन्हा दुखायला लागली तर?"

"तर बाराशे जातील. पण म्हणून एकशेवीस परत मागायला मी येणार नाही. तुम्ही निवांत राहा."

कमाईचा दशमांश देवाला द्यावा हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. निम्मे लोक ऐकतात आणि देतात, निम्मे ऐकतात. न झालेल्या खर्चाचा दशमांश देणारा माणूस मात्र मी एकच पाहिला. परवडणारं हे प्रकरण नव्हे, कारण काकांची मुदतठेव मीच बँकेत असताना करून दिली होती आणि तिचं महिन्याला किती व्याज येतं हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या व्याजावर एकटा माणूस जगतो. जास्तीत जास्त त्याला वर्षातून एक नवा सदरा शिवता येतो.

पळस्प्याला, जिथे मुंबई-पुणे रस्त्यावरून गोव्याची वाट फुटते, तिथे ट्रकचा एक वजनकाटा होता. त्या काट्याच्या खोलीत काकांनी एकतीस वर्षं नोकरी केली. भरलेल्या ट्रकचं वजन घ्यायचं, रिकामा परत आला की पुन्हा घ्यायचं, वजाबाकी केली की मालाचं वजन निघतं. जगातला कुठलाही प्रश्न ते याच रीतीनं सोडवतात. "भरलेल्यातनं रिकामा वजा करा, बाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा बाहेरून आलेल्या पाहुण्या उपदेशकांनी तासभर उपदेश केला. सगळे वाहवा करत होते. काका म्हणाले, "भरलेल्यातनं रिकामा वजा केला. माल सात मिनिटं."

बुधवारच्या शास्त्राभ्यासात त्यांनी पाळकांना घाम फोडला तो प्रसंग मी विसरणार नाही. दशमांश पगाराच्या पूर्ण आकड्यावर द्यायचा की कापून हातात पडतो त्यावर, असा प्रश्न होता. पाळक म्हणाले, "काका, देव टक्के बघत नाही. मनापासून द्या."

"मनापासून म्हणजे किती टक्के?" काकांनी वही उघडून विचारलं.

बाजारात उरणकडची एक कोळीण बसते. काकांची आणि तिची जुनी ओळख. एके दिवशी तिनं त्यांना बोंबलांचा वाटा फुकट दिला. काका तिथेच, तिच्या पाटीसमोर उकिडवे बसून मोजायला लागले. ती वैतागली. "काका, वाटा हाय त्यो. आमी मोजून घातला नाय, तुमी कशाला मोजता?" पण काका मोजतातच. दहा निघाले. संध्याकाळी पाळकांच्या बायकोनं दार उघडलं, तर दारात काका आणि काकांच्या हातात स्टीलच्या डब्यात एक बोंबील. पुढच्या खेपेला चौदा निघाले, तेव्हा डब्यात एक सबंध होता आणि एक चिरलेला.

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण गेली दोन वर्षं त्यांचं एक दुसरं पाकीट येत होतं आणि त्याचं मला हसू येत नव्हतं.

हे पाकीट महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचं. त्यावर नाव ओहोळकाकांचं, त्याच टपोऱ्या अक्षरात, आणि कारणाच्या जागी एवढंच: 'प्रभूला माहीत.' आत दोन हजार आठशे सत्तर रुपये. दाढ, सिलिंडर आणि रिक्षा यांची कारणं सविस्तर लिहिणारा माणूस सर्वांत मोठ्या रकमेचं कारण लिहीत नाही, याचा अर्थ काय? आणि हे पैसे येतात कुठून? मुदतठेवीच्या व्याजातून येत असतील, तर हा माणूस महिनाअखेर खातो काय?

महिला मंडळात यावर बरीच चर्चा झाली. एकीचं म्हणणं, गावाकडे जमीन असेल, खंडानं दिली असेल. दुसरीचं म्हणणं, लॉटरी. तिसरी म्हणाली, पुरुषाच्या जातीचं काही सांगता येत नाही, जुनं काहीतरी पाप असेल, ते फेडत असतील. मी शेवटी पाळकांकडे गेले.

"खजिनदारबाई," ते म्हणाले, "प्रभूला माहीत आहे ना? मग आपल्याला कशाला हवं?"

"प्रभूला ऑडिट नसतं," मी म्हटलं.

एकदा काका बँकेच्या रांगेत सापडले. हातातल्या स्लिपवर दोन हजार सहाशे एकोणऐंशी लिहिलेलं मी मान वाकडी करून वाचलं.

"काका, उन्हातून आलात, एटीएममधून का नाही काढत?"

"एटीएम वरचे एकोणऐंशी देत नाही."

म्हणजे त्या महिन्याला रक्कम कमी होती. त्या रविवारी दुसऱ्या पाकिटात नेमकी तेवढीच निघाली. आणि पहिल्या पाकिटावर होतं, 'कन्या रिबेका हिला ताप येऊन गेला, आता बरी आहे, त्याबद्दल. रुपये दहा.'

रिबेका ही काकांची एकुलती मुलगी. माझ्या संडे स्कूलमध्ये होती, पाठांतरात पहिली यायची. जासईला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरी लागली आणि खारघरला राहायला गेली. पुढे तिकडच्याच एका चर्चला जाऊ लागली. ते भाड्याच्या हॉलमध्ये भरतं, तिथे गिटार आणि ड्रम वाजतात. तेव्हापासून ती आमच्याकडे दिसली नव्हती. बापलेकीत काहीतरी बिनसलंय एवढं सगळ्यांना माहीत होतं, काय ते कुणालाच नाही.

"रिबेका आली होती वाटतं?" मी आवारात विचारलं.

"नाही."

"मग फोन आला असेल."

"नाही."

"मग ताप आला होता हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं," असं म्हणून काका चपला शोधायला गेले. त्या चपला त्यांच्या पायातच होत्या.

पुढे एका जूनपासून ती रक्कम तीन हजार पन्नास झाली. त्या महिन्यात काका इतके खुशीत होते, की वाचलेल्या पैशांची चार पाकिटं त्यांनी एकाच रविवारी टाकली. पाळकांना पाणी प्यावं लागलं.

आणि मग यंदाचा एप्रिल आला. दुसऱ्या पाकिटात पंधराशे पंचवीस निघाले. बरोबर निम्मे. पहिलं पाकीट नव्हतंच. मेच्या पहिल्या रविवारी दोन्ही नव्हती. काका मात्र आले होते. नेहमीच्या बाकावर बसले होते, गीताचं पुस्तक उघडलेलं होतं आणि ओठ बंद होते. दानाची थैली त्यांच्यापुढून तशीच गेली. मी मागच्या बाकावरून बघत होते. माणसाचं आजारपण मी समजू शकते, पण ज्याला तीन रुपयांचं कारण सापडतं त्याला महिनाभर एकही कारण सापडू नये हे मला झेपलं नाही.

सोमवारी दुपारी मी वडाळे तलावाजवळच्या त्यांच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. काका पलंगावर बसले होते, मांडीवर मोबाइल. मी आत आले तरी त्यांनी मान वर केली नाही.

"जेवलात का, काका?"

"तुम्ही खजिनदार म्हणून आलात का?"

"नाही. सुमन म्हणून आले."

ते जरा सरकले आणि मला बसायला जागा केली. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याच्या मागे गेल्या वर्षीचं आणि त्याच्यामागे त्याच्या आधीचं, तिन्ही एकाच खिळ्याला. मी पानं उलटली. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला पेन्सिलीनं एक आकडा लिहिलेला. २८७०. २८७०. २६७९. ३०५०. ते आकडे मी दोन वर्षं माझ्या हातानं पावतीवर लिहिले होते.

"रिबेका पाठवते," काका म्हणाले. "एक तारखेला बँकेचा मेसेज येतो. तिचं नाव येतं आणि रक्कम येते. बाकी अक्षर नाही."

मग त्यांनी सांगितलं. पहिल्या पगाराचा दशमांश तिनं खारघरच्या हॉलमध्ये दिला होता. काकांना ते लागलं. "मी म्हणालो, ज्या मंडळीनं तुझ्या आईला माती दिली, तिचा हक्क आधी. ती म्हणाली, बाबा, मला तिथे बरं वाटतं. मी म्हणालो, बरं वाटायला तो काय दवाखाना आहे? बोलाचाली वाढली. मी म्हणालो, दहावा हिस्सा इथे येणार नसेल तर तूही येऊ नकोस."

"असं म्हणालात?"

"म्हणालो. पुढच्या एक तारखेला पैसे आले. तेव्हापासून दर महिन्याला येतात." त्यांनी मोबाइल उलटा करून गादीवर ठेवला. "मी हिशेब मागितला होता, बाई. तिनं हिशेब दिला."

मी तो मोबाइल उचलून उशीशी नीट ठेवला.

काका उठून कॅलेंडरपाशी गेले आणि बोट ठेवून दाखवू लागले. दशमांशाला दहानं गुणलं की पगार. अठ्ठावीस हजार सातशेला तीसनं भागलं की दिवसाचा रोज. या महिन्यात एकशे एक्याण्णव कमी आले, म्हणजे दोन दिवस बिनपगारी. रजा शिल्लक असताना ती बिनपगारी राहणार नाही, म्हणजे रजा आधीच संपल्या, म्हणजे त्याआधीही बरं नव्हतं. पावसाळ्याचे दिवस, म्हणजे ताप. दोनच दिवस कापले, म्हणजे बरी होऊन कामावर परतली. या जूनला पगारवाढ. लहानपणी तिनं पाठ केलेल्या वचनांपेक्षा हा हिशेब त्यांना जास्त पक्का पाठ होता.

"तिकडच्या हॉललाही ती देतच असणार," ते म्हणाले. "तिचा स्वभाव मला माहीत आहे. म्हणजे दोन दशमांश झाले. खारघरचं भाडं वेगळं. पोरगी खाते काय, या विचारानं मला झोप येत नाही. पण पाठवू नकोस म्हणून सांगितलं, तर मेसेज बंद होणार."

"म्हणून घेत राहिलात."

"घेत नाही! पै न् पै थैलीत टाकली. तुमच्याकडे पावत्या आहेत." मग त्यांचं बोट एप्रिलवर आलं. "अर्धा महिना. दोन दिवस असते तर ताप म्हटलं असतं. पंधरा दिवस म्हणजे ऑपरेशन असेल. नाहीतर अपघात. त्या यार्डात मोठमोठे ट्रेलर फिरतात, मी ट्रकवाल्यांत आयुष्य काढलंय. आणि आता तर काहीच नाही." मेच्या एक तारखेला चौकट कोरी होती. "कोऱ्याचा हिशेब मला येत नाही, बाई."

"अहो मग फोन करा!"

"केला आणि तिनं उचलला नाही, तर?"

एकतीस वर्षं ट्रकवाल्यांशी हुज्जत घातलेला माणूस हे विचारत होता. मला राग आला, त्यांचा आणि थोडा माझाही. दोन वर्षं मी पाकिटं उलटीपालटी करून बघितली आणि हा एकटा माणूस घरी काय करतो हे बघायला एकदाही आले नाही.

"उठा," मी म्हटलं. "चपला घाला. तिचा पत्ता आहे का?"

"ओवे गावाच्या बाजूला, पिवळी बिल्डिंग. तिसरा मजला, उजवीकडचं दार. खिडकीत तुळस आणि मनी प्लांट."

"तुम्ही गेला होतात?"

"बसमधून जाताना दिसली."

त्या बाजूला बस जात नाही. आम्ही रिक्षा केली. काकांनी भाडं ठरवलं नाही, मीटर बघितलं नाही, खारघरपर्यंत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहिले. पिवळी बिल्डिंग आली तेव्हा आधी त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तुळस हिरवी होती. "पाणी घातलेलं आहे," ते पुटपुटले आणि उतरले.

तीन जिने चढताना ते दोनदा थांबले. बेल मी वाजवली.

दार रिबेकानंच उघडलं. धडधाकट होती, थोडी वाळली होती. केस वर बांधलेले, हातात लाटणं. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बरोबर खजिनदार आहे हे लक्षात आल्यावर तिचा चेहरा उतरला.

"बाबा, या महिन्यात पगारच नाही झाला," ती घाईघाईनं म्हणाली. "मार्चमध्ये ऑफिस दुसरीकडे हललं, आम्हाला निम्म्या महिन्यातच कामावरून कमी केलं. दुसरीकडे मुलाखती देतेय. मिळाली की राहिलेला दशमांश सगळा मिळून देईन. बुडवणार नाही मी."

काकांनी चौकट धरली. दोन वर्षांत लेक पहिल्यांदा बोलली होती आणि वसुलीला आलेल्या माणसाशी बोलावं तशी बोलली होती. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी गणित सांगणार आणि सगळं मातीत घालणार.

"पैशासाठी नाही गं आलो," काका म्हणाले. "घाबरलो म्हणून आलो."

रिबेकाच्या हातातलं लाटणं खाली पडलं. ते मी उचललं, तिच्या हातात दिलं, आणि खाली एक काम आहे असं काहीतरी सांगून जिना उतरले.

खाली मला काही काम नव्हतं. वॉचमनच्या खुर्चीशेजारी एक कट्टा होता, त्यावर बसले. वरची खिडकी उघडी होती. जरा पुढे सरकून, कान देऊन बसले असते तर बरंच ऐकू आलं असतं. मी उलट मागे सरकले आणि वॉचमनला त्याचं गाव कुठलं ते विचारलं. तो बिचारा सांगत बसला, जिल्हा, तालुका, घरची माणसं. मी 'हो का' म्हणत राहिले. अर्धा तास गेला असेल.

मग खिडकीतून, तुळशीच्या वरून, रिबेकाचं डोकं बाहेर आलं. डोळे सुजलेले होते आणि ती हसत होती.

"मावशी, वर या! चहा टाकलाय. बाबा रडतायत आणि म्हणतायत, तुम्हाला सांगू नको म्हणून!"

मला काही ऐकू आलं नाही, असं मी खालूनच ओरडून सांगितलं आणि जिना चढायला लागले.